गाडी हळू चालवायला शिकतोय (ठाणे-नवी मुंबई). तुमचे अनुभव सांगा

मानपाडा_ते_महापे | सोमवार, रात्री १०:४०

गेली चौदा वर्षं मी रोज मोटरसायकलने ऑफिसला जातोय. मानपाड्याहून निघायचं, कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा, दिघा आणि मग ठाणे-बेलापूर रोड धरून ऐरोली, रबाळे करत महापे. वीसेक किलोमीटर. चौदा वर्षांत एकदाही पडलो नाही, त्यामुळे आपल्याला गाडी चालवता येते असं मी धरूनच चाललो होतो.

मागच्या महिन्यात दोन दिवस पावसाने उघडीप दिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भुरभुर सुरू झाली. रबाळ्याच्या जरा अलीकडे माझ्यापुढे भाजीचे क्रेट भरलेला टेम्पो होता. मी साठ-पासष्टला असेन. टेम्पोवाल्याने कशासाठी तरी करकचून ब्रेक मारला. माझा उजवा पाय आपोआप खाली गेला, मागचं चाक लॉक झालं आणि गाडी तिरकी होऊन सरकत राहिली. थांबलो तेव्हा टेम्पोच्या मागच्या फळीपासून वीतभर अंतर उरलं होतं. फळीला बांधलेली निळी नायलॉनची दोरी, तिची गाठ, गाठीतून सुटलेले चार धागे, त्यातल्या एकाच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंब. टेम्पो निघून गेला, मागून रिक्षावाला हॉर्न देत होता, पण माझे हात इतके थरथरत होते की क्लच धरवेना.

त्या दिवशी ऑफिसात काम झालंच नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मी पुढचा ब्रेक दाबलाच नव्हता. माझी गाडी २०२० ची, १५० सीसी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, तसं माझ्याही गाडीला आहे, पण ते फक्त पुढच्या चाकाला. म्हणजे ज्या चाकाला संरक्षण होतं त्याचा ब्रेक मी वापरला नाही, आणि ज्याला नव्हतं त्याच्यावर सगळा भार टाकला.

रात्री वही घेऊन बसलो. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचं दिसून हातपाय हलेपर्यंत माणसाला एक सेकंद धरा. नंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर थांबायला आणखी २३ मीटर. एकूण ४०. चाळीसच्या वेगाला हेच अंतर २१ मीटर होतं आणि ऐंशीला ६३.

मग मी आणखी एक हिशेब केला आणि त्याने माझी झोप उडाली. दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्यात, एक साठला, दुसरी ऐंशीला. दोघांना एकाच क्षणी समोर अडथळा दिसला. साठवाला जिथे पूर्ण थांबतो, त्या जागी ऐंशीवाल्याचा वेग किती असेल? साधारण साठ! त्याच्या एका सेकंदातच २२ मीटर गेलेत, ब्रेकला जेमतेम १८ मीटर उरले. मी दोनदा पुन्हा करून पाहिलं. आकडा तोच.

आता उलट बाजू. मी वेळ किती वाचवत होतो? चार आठवडे घरून निघाल्याची आणि गेटवर कार्ड टेकवल्याची वेळ लिहून ठेवली. दोन आठवडे नेहमीसारखा गेलो, दोन आठवडे साठच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही असं ठरवून. फरक सरासरी साडेतीन मिनिटांचा निघाला. कळवा नाक्याच्या सिग्नलला आणि विटाव्याला सगळे शेवटी एकत्रच येतात.

पण साठच्या आत राहणं मला जमलं ते फक्त घरून लवकर निघालो त्या दिवशी. उशीर झालेल्या दिवशी कितीही ठरवलं तरी दिघ्यानंतर काटा चढायचाच. म्हणून आता मी मोबाईलचा गजर १५ मिनिटं आधी लावलाय आणि रस्त्यावर निश्चय वगैरे करत बसत नाही.

एवढी वर्षं चालवून मी आत्ता शिकायला लागलोय. तुम्ही कसं शिकलात, काय बदललंत, ते सविस्तर लिहा.

कोपरीचे_काका | सोमवार, रात्री ११:२५

धागा काढलात हे उत्तम केलंत. मी १९८१ पासून दुचाकी चालवतोय. आधी राजदूत, मग बजाज चेतक, आता ११० सीसीची स्कूटर. चेतकला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आणि चाकं एवढीशी. ती गाडी लवकर थांबतच नसे, त्यामुळे आम्ही अंतर ठेवूनच चालवायचो. आज गाड्या चांगल्या थांबतात म्हणून लोक जवळ जातात. चांगल्या ब्रेकचा फायदा अशाने पुसला जातो.

एक विनंती. पावसाळ्याआधी टायर बघा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. आणि हवा दर आठवड्याला, सकाळी टायर थंड असताना.

डोंगरवाट_२२ | मंगळवार, सकाळी ८:१०

हिशेब पटला, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. घोडबंदर रोडला साठने चालवून दाखवा. वाघबीळ ते गायमुख. एकीकडे मेट्रोचे बॅरिकेड, एकीकडे गुजरातकडे जाणारे ट्रेलर, आणि मागून बस तुमच्या नंबरप्लेटला चिकटलेली. तिथे हळू जाणं म्हणजे चिरडून घेणं. ट्रॅफिकच्या थोडं पुढे राहिलात तर सगळं तुमच्या मागे राहतं, धोका फक्त समोर. मी याच पद्धतीने चार वर्षं चालवतोय. शिवाय माझ्या गाडीला दोन्ही चाकांना एबीएस आहे.

स्लो म्हणजे सेफ हे दर वेळी खरं नसतं, एवढंच म्हणायचंय. भांडायचं नाहीये.

मानपाडा_ते_महापे | मंगळवार, दुपारी १:३०

@डोंगरवाट_२२, मागून चिकटणाऱ्या बसची भीती खरी आहे, मीही रोज तिथूनच निघतो. पण उपाय म्हणून पुढे पळालो तर पुढच्या ट्रेलरच्या मागे जाऊन चिकटतोच ना? घोडबंदरला मोकळं पुढे असं काही नसतंच. मी आता उलटं करतो. मागचा चिकटला की पुढचं अंतर आणखी वाढवतो. मग मला ब्रेक हळू दाबता येतो, आणि मागच्यालाही थांबायला वेळ मिळतो. आणि आरशात बघून बाजू देतो. जाऊ दे त्याला.

अंतर किती, हे मीटरमध्ये कुणालाच कळत नाही. माझी पद्धत सांगतो. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात सावकाश ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणायचं. ते म्हणून होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. साधारण दोन सेकंद होतात. पावसात ‘मंगलमूर्ती मोरया’ पण पूर्ण करायचं. वेग कितीही असो, हे माप चालतं.

एबीएसबद्दल. ते चाक लॉक होऊ देत नाही, पण ब्रेक दाबायचं काम आपलंच राहतं. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन अभ्यास केला होता, त्याचा अहवाल १९८१ चा. त्यात हेच आढळलं की घाबरलेला माणूस मागचा ब्रेक जास्त दाबतो, चाक घसरवतो, आणि पुढचा पुरेसा दाबतच नाही. वाचलं तेव्हा वाटलं, रबाळ्याला माझ्याच मागे उभं राहून कुणीतरी लिहून घेतलंय.

खाडीकाठ | मंगळवार, दुपारी २:०५

मोरयाचं माप आज येताना करून पाहिलं. ‘गणपती’ म्हणेपर्यंत खांब गेला होता. हादरलो.

स्कूटरवाली_नेरूळ | मंगळवार, रात्री ९:५०

मी लिहू की नको असा विचार करत होते, कारण माझी स्कूटर मुळातच हळू. पण हळू चालवणाऱ्याला रस्त्यावर काय सहन करावं लागतं तेही इथे यायला हवं.

पाम बीच रोडला साठची मर्यादा आहे, तसे बोर्ड आहेत. वाशी ते बेलापूर जेमतेम दहा किलोमीटर, सरळ रस्ता, एका बाजूला खारफुटी. साठने दहा मिनिटं लागतात, ऐंशीने साडेसात. या अडीच मिनिटांसाठी मागून डिपर मारतात, हॉर्नवर हात ठेवून चिकटतात, आणि ओव्हरटेक करताना काच खाली करून बोलतात. मी बाई म्हणून जास्त बोलतात. सुरुवातीला मी घाबरून रेस वाढवायचे. म्हणजे माझा वेग मी ठरवतच नव्हते, मागचा ठरवत होता.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याला सानपाड्याला आजीकडे सोडून मी वाशीला जाते. चार वर्षांखालचं मूल दुचाकीवर असेल तर वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही, मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस हवा, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला आणि वर्षभराने लागू झाला. मला हे शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. आमच्या बिल्डिंगखाली विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं. हार्नेस मागवला. पहिल्या दिवशी बांधल्यावर लेकरू म्हणालं, “आई, आता तू मला पाठीवर घेतलंस.”

चाळीसने पाम बीचवर जाणं मला झेपेना, मागच्यांचा वेग फारच जास्त. म्हणून रस्ताच बदलला. जुईनगरच्या आतल्या रस्त्याने जाते. आठ मिनिटं जास्त लागतात, स्पीडब्रेकर आहेत, रिक्षा आहेत, पण कुणी चाळीसच्या वर जाऊच शकत नाही. वेग कमी करायला रस्ता बदलणं हाही एक मार्ग आहे.

आणि ताई-माई-आज्जी सगळ्यांना सांगणं, ओढणीची गाठ मारा आणि टोकं जॅकेटच्या आत घ्या. माझ्या मैत्रिणीची ओढणी मागच्या चाकात गेली होती. वेग वीसचा होता म्हणून ती वाचली. मानेवर वळ मात्र महिनाभर होता.

कोपरीचे_काका | मंगळवार, रात्री १०:१५

ताई, रस्ता बदललात हे फार चांगलं केलंत. नातवाला आशीर्वाद.

ट्रेलरवाला_उरणफाटा | बुधवार, पहाटे ४:५५

राम राम मंडळी. मी बाईकवाला नाही, अठरा वर्षं कंटेनर चालवतोय. न्हावाशेवा बंदरातून माल उचलायचा, उरण फाट्यावरून पुढे कळंबोली नाहीतर ठाण्याकडे. आत्ता लाइनीत उभा आहे म्हणून लिहितो.

माझ्या केबिनमधून मला काय दिसत नाही ते सांगतो. नाकासमोर चिकटून बाईक आली तर दिसत नाही. डाव्या दरवाज्याखाली असेल तर दिसत नाही. पेटीच्या मागे चिकटलेली तर अजिबातच नाही. साधी खूण सांगतो, तुम्हाला माझ्या आरशात माझं तोंड दिसत नसेल तर मलाही तुम्ही दिसत नाही.

दुसरं, वळण. माझी गाडी चाळीस फुटी पेटी घेऊन डावीकडे वळते तेव्हा मी आधी उजवीकडे घेतो. मागून येणाऱ्या पोराला वाटतं, अरे हा उजवीकडे चालला, डावीकडून जागा मोकळी आहे, आणि तो आत घुसतो. मग मी वळतो. केबिन लांबून फिरते, पण मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात. तो पोरगा फुटपाथ आणि चाकांच्या मधे. मी आरशात बघेपर्यंत केबिन फिरलेली असते, आरशात फक्त पेटीचा पत्रा दिसतो.

अशा वेळी मी एकदा थांबलो होतो. का थांबलो मलाही सांगता येणार नाही, काहीतरी लाल दिसल्यासारखं झालं. उतरून बघितलं तर एक मुलगा, कॉलेजची बॅग पाठीला, गाडी आडवी, आणि त्याचा बूट माझ्या चाकापासून हातभर. त्याने मला हात जोडले. मी त्याला पाणी दिलं आणि दोघं तिथेच कठड्यावर बसलो. मागे लाइन लागली होती, सगळे शिव्या देत होते, पण मला पाय टेकवून उभं राहता येत नव्हतं.

तेव्हा हात जोडून विनंती, कंटेनर वळत असेल तर पाठीमागे थांबा. दहा सेकंदांचं काम आहे. भरलेली गाडी असेल तर मला पन्नासवरूनही पटकन थांबता येत नाही, कट मारून माझ्यापुढे ब्रेक मारू नका.

स्कूटरवाली_नेरूळ | बुधवार, सकाळी ७:३०

दादा, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आरशात तोंड दिसण्याची खूण आज सगळ्या ग्रुपवर पाठवते. सांभाळून चालवा.

रात्रपाळी_सिस्टर | बुधवार, दुपारी ३:२०

मी ठाण्यात कॅज्युअल्टीत काम करते. हॉस्पिटल सांगत नाही. नऊ वर्षं झाली.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात त्या वर्षी देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरची, आणि एकूण मृत्यूंपैकी ७१.२ टक्के ठिकाणी कारण अतिवेग असं नोंदवलंय. हा आकडा मी पाठ केलाय, कारण आमच्याकडे आलेला प्रत्येक नातेवाईक सांगतो की तो काही फार जोरात नव्हता हो.

माणूस पडताना हात पुढे करतो. तळहाताची कातडी सोलून आत खडी गेलेली असते आणि ती ब्रशने धुवून काढावी लागते. ते दुखणं बघवत नाही. साधे हातमोजे घाला, उन्हाळ्यातसुद्धा. चपलेवर गाडी चालवू नका, बोटं वाचवता येत नाहीत. आणि हेल्मेटचा पट्टा लावा! पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाआधी रस्त्यावर पडतं. नातेवाईक ते हातात घेऊन येतात, नवंकोरं, एक ओरखडा नसलेलं. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका पट्टा घट्ट हवा. आणि आयएसआयचा शिक्का, भारतीय मानक ४१५१. हायवेच्या कडेला मिळणारी टोपीसारखी घेऊ नका.

शुद्धीवर आलेला मुलगा बहुतेक वेळा पहिलं विचारतो, माझी गाडी कुठे आहे. दुसरं विचारतो, घरी सांगितलंत का. त्या दुसऱ्या प्रश्नाला त्याचा आवाज बदलतो.

कुणाचा अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. श्वास घेता येत नसेल किंवा उलटी होत असेल तरच, आणि तेही एकाने मान-डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून, दुसऱ्याने हेल्मेट काढावं. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून लोक थांबत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलंय. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्यातून संरक्षण आहे, आणि नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही. थांबा. पहिला तास फार मोलाचा असतो.

डोंगरवाट_२२ | बुधवार, रात्री ११:०५

सिस्टर, हातमोजे मागवले. आत्ताच.

माझं मत घोडबंदरबद्दल अजून पूर्ण बदललेलं नाही. पण एक कबूल करतो. आम्ही रविवारी माळशेजला जातो, कल्याण-मुरबाडवरून. घाटात मी फार शिस्तीने चालवतो. वळणाआधी वेग कमी, नजर वळणाच्या शेवटाकडे, कारण नजर जाते तिकडेच गाडी जाते. समोरच्या खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाता. वळणात असताना ब्रेक नाही. धुकं असेल तर दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात नवीन मुलगा दुसऱ्या नंबरला असतो, आणि त्याला झेपेल तोच सगळ्यांचा वेग. हे सगळं मला कुणीतरी बाजूला घेऊन शिकवलं होतं.

आणि तोच मी सोमवारी सकाळी घोडबंदरला दोन ट्रकच्या मधून काढतो. घाटात समोर दरी दिसते म्हणून भीती वाटते. इथे दिसत नाही. ट्रेलरवाल्या दादांचं वाचल्यावर हे सुचलं.

पार्सल_घणसोली | गुरुवार, रात्री १२:४०

मी डिलिव्हरी करतो. कंपनीचं नाव नको. घणसोली, कोपरखैरणे, कधी ऐरोली. तुम्ही सगळे बरोबर बोलताय, पण माझ्या स्क्रीनवर मिनिटं उलटी मोजली जातात. ऑर्डरमागे पैसे. पाऊस पडला की ऑर्डर वाढतात, म्हणजे रस्ता सगळ्यात वाईट असतो तेव्हाच आमचा धंदा. पंधरा मिनिटं आधी गजर लावणं आमच्या हातात नाही.

तरी काय बदललं ते सांगतो. जूनमध्ये पहिल्या पावसात सेक्टरच्या वळणावर पांढऱ्या पट्ट्यावर पुढचं चाक गेलं आणि गाडी खालून निघून गेली. वेग पंचवीस-तीस असेल. गुडघा फुटला, चार दिवस घरी. चार दिवसांचे पैसे गेले, आणि सांडलेल्या ऑर्डरचं वेगळंच. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. पांढरे पट्टे, गटाराची झाकणं, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, पेव्हर ब्लॉक, यांच्यावर गाडी सरळ ठेवायची, वळवायची नाही आणि ब्रेकही नाही.

घरी बसून विचार केला, वेळ जातो कुठे? रस्त्यावर जात नाही. गेटवर रजिस्टर लिहिण्यात, लिफ्टची वाट बघण्यात आणि चुकीच्या विंगमध्ये जाण्यात जातो. आता मी दुकानातून निघायच्या आधी, गाडी स्टँडवर असताना, ग्राहकाला फोन करून विंग आणि गेट विचारून घेतो. कोणत्या सोसायटीची कोणती लिफ्ट बंद असते ते वहीत लिहिलंय. दर ऑर्डरला दोन-तीन मिनिटं तिथेच वाचतात, गाडी पळवून एवढी कधीच वाचली नव्हती.

तुम्ही ऑर्डर देता तेव्हा विंग आणि मजला नीट लिहा. आणि दोन मिनिटं उशीर झाला तर ओरडू नका. त्या ओरडण्यानेच पुढच्या सिग्नलला पोरगं घुसतं.

खाडीकाठ | गुरुवार, सकाळी ९:००

पार्सल भाऊ, आजपासून पत्त्यात मजला आणि लिफ्टची बाजू टाकली. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये डिलिव्हरीवाल्यांचं रजिस्टर बंद करायचा विषय मांडतो.

मानपाडा_ते_महापे | गुरुवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटात शिकवणारं कुणीतरी होतं, हे वाक्य माझ्या मनात राहिलं. मला ब्रेक कुणी शिकवलाच नाही. लायसन्सला आठचा आकडा काढला आणि संपलं. तो आकडा काढताना ब्रेक लागतो कुठे?

ओळखीच्या एका कंपनीचं महाप्यात मोठं पार्किंग आहे, रविवारी रिकामं असतं. मालकांशी बोललो, त्यांनी परवानगी दिलीय. येत्या रविवारी सकाळी साडेसातला ब्रेक मारायचा सराव करू. वीस, तीस आणि चाळीस, त्याच्या वर नाही. हेल्मेट, बूट आणि हातमोजे असतील तरच गाडी सुरू करायची. यायचं असेल त्यांनी निरोप पाठवा.

मानपाडा_ते_महापे | रविवार, दुपारी १२:१५

आम्ही पाच जण होतो. डोंगरवाट, खाडीकाठ, स्कूटरवाली ताई, कोपरीचे काका आणि मी. काकांनी येताना वाळू भरलेल्या पाण्याच्या आठ बाटल्या आणल्या होत्या, त्या खुणा म्हणून लावल्या. एका बाटलीपाशी ब्रेक मारायला सुरुवात करायची आणि गाडी थांबेल तिथे दुसरी ठेवायची. अंतर पावलांनी मोजलं, सगळी पावलं काकांचीच, म्हणजे माप एकच.

मी आधी नेहमीच्या सवयीने, फक्त पायाने. चाळीसला चोवीस पावलं, तेही मागचं चाक किंचाळत. मग दोन्ही ब्रेक. डोंगरवाट बाजूला उभा राहून सांगत होता, “झटका देऊ नका, लिंबू पिळल्यासारखं दाबत न्या, पुढचा भाग खाली बसू द्या, मग जोर वाढवा.” पहिल्या तीन वेळा हात कचरला. पुढचा ब्रेक दाबला की आपण हँडलवरून उडणार, ही भीती बोटांत किती खोल बसलीय ते तिथे कळलं. सातव्या वेळी पंधरा पावलं. नजर खाली बाटलीकडे गेली की बिघडायचं, लांब गेटकडे ठेवली की गाडी सरळ थांबायची.

वीसला चार पावलं. चार आणि पंधरा. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकलो होतो. आज ते जमिनीवर बाटल्या लावून दिसलं. काका त्या दोन बाटल्यांच्या मधे बराच वेळ उभे होते.

ताईंच्या स्कूटरला सीबीएस आहे. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना ते असतं, मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यांनी आजवर डावा लिव्हरच वापरला होता. उजवाही दाबल्यावर चाळीसला पाच पावलं कमी झाली. त्यांनी ते पुन्हा पुन्हा केलं, आणि शेवटी मागच्या सीटवर हार्नेसमध्ये तांदळाची दहा किलोची पिशवी बांधून केलं.

स्कूटरवाली_नेरूळ | रविवार, दुपारी १:००

पिशवी बांधल्यावर दोन पावलं वाढली. ती दोन पावलं मी आता रोज धरून चालवणार आहे.

डोंगरवाट_२२ | रविवार, दुपारी १:४५

परत येताना घोडबंदरला मोरया म्हणत आलो. मधे तीन गाड्या घुसल्या. प्रत्येक वेळी पुन्हा अंतर सोडलं. राग आला होता, खोटं सांगत नाही. घरी पोचायला रोजच्यापेक्षा चार मिनिटं जास्त लागली. उद्या पुन्हा करून बघतो.

पार्सल_घणसोली | सोमवार, रात्री १२:३०

मला यायचं होतं. रविवारी सकाळी ऑर्डर जास्त असतात, जमलं नाही. दुपारी तीन ते पाच आमच्याकडे शांत असतं. तेव्हा कधी करणार असाल तर मी आणि माझ्याबरोबरची चार पोरं येऊ. दोघांकडे हातमोजे नाहीत.

मानपाडा_ते_महापे | सोमवार, सकाळी ६:२०

पुढच्या रविवारी दुपारी तीनला. माझ्याकडे जुन्या हातमोज्यांचा एक जोड आहे.

रात्रपाळी_सिस्टर | सोमवार, सकाळी ७:०५

दुसरा मी आणते. रविवारी माझी सुट्टी आहे, प्रथमोपचाराची पेटी घेऊन येते.